न वाळणारा उतार

तैलरंग वाळत नाही, पिकतो, असे आमच्या चित्रकलेच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितले. जलरंगातले पाणी उडून जाते म्हणून तो वाळतो. तेलातून काही उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेत आतून घट्ट होत जाते. मला हे विधान आवडले, कारण त्यात कारण दिलेले होते. मी ते वहीत उतरवून घेतले, खाली रेघ मारली आणि तारीख घातली.

वर्ग एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी दहा ते एक भरत असे. उत्तरेकडे तीन उंच खिडक्या, भिंतीला टेकवलेले सहा ईझल, बेसिनशेजारी टर्पेंटाइनच्या बरण्या आणि त्यांच्या बुडाशी साचलेला करडा गाळ. आम्ही विद्यार्थी सगळेच उतारवयाचे. त्यांतल्या एका निवृत्त दंतवैद्याशी माझे बोलणे होई. इतरांशी मान हलवण्यापुरती ओळख.

वर्गाची ही भेट माझ्या पुतणीची. मला सत्तर पूर्ण झाली तेव्हा तिने फीची पावती पाकिटात घालून माझ्या हातावर ठेवली. "काका, आयुष्यभर डोंगर मोजलेत. आता एक नुसता बघा," असे ती म्हणाली.

मी आरेखक. तांत्रिक महाविद्यालयाची पदविका घेऊन रस्ते खात्यात अडतीस वर्षे नकाशे काढले. मला मूल नाही आणि पत्नी जाऊन अकरा वर्षे झाली. पुतणी स्थापत्य अभियंता आहे, त्याच खात्यात. आठवड्यातून दोनदा ती कामावरून परतताना माझ्याकडे येई, चपला दाराशी नीट जुळवून ठेवी आणि कामातल्या अडचणी विचारी. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तीन गल्ल्या पलीकडे राहत असे. मोजणीच्या कामात तो माझ्यापेक्षा जाणता होता. त्याला मात्र ती कधी काही विचारीत नसे.

बाईंचा अभ्यासक्रम एकाच चित्राचा होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या रोमँटिक धाटणीचा डोंगर: मागे विरघळत गेलेली निळसर शिखरे, मधे धुके, एका अंगाने फुटलेला उजेड, पुढे काळा खडक आणि त्या खडकावर नखाएवढा पाठमोरा माणूस.

"माणूस कशासाठी?" मी विचारले.

"त्याच्याशिवाय डोंगर केवढा आहे ते कसं कळणार?"

"कोपऱ्यात प्रमाण लिहावं. एक सेंटिमीटर बरोबर शंभर मीटर."

दंतवैद्याला हसताना कुंचला खाली ठेवावा लागला. माझा पहिला कागदी सराव पाहून बाई म्हणाल्या, "हा डोंगर नाही हो, हे डोंगराचं ओळखपत्र आहे. आणि समोर फोटो ठेवायचा नाही. डोंगर मनातला हवा. जरा भीती वाटली पाहिजे त्याची."

"माझ्या मनात डोंगर नाही."

"सत्तर वर्षांत एकही नाही? शोधा की."

मनातला डोंगर शोधण्याची माझ्याकडे एकच रीत होती. घरी आलेखाचा कागद पसरून मी आधी नसलेल्या डोंगराचा नकाशा काढला. नकाशात सारख्या उंचीचे बिंदू एका रेषेने जोडतात. तिला समोच्च रेषा म्हणतात. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की सौम्य उतार. अशा रेषांचा डोंगर रचून मी तो यथादर्शनाच्या, म्हणजे दूरचे लहान दिसण्याच्या, नियमाने कॅनव्हासवर उभा करणार होतो. हे करताना एक चूक झाली, आणि ती माझ्याच पेशाच्या माणसाकडून होऊ शकते. जिथे माहिती संपते तिथे आरेखकाचा हात थांबत नाही. दोन ज्ञात रेषांच्या मधली जागा तो अंदाजाने भरून काढतो. उजव्या उतारापाशी माझी कल्पना संपली. हाताने मात्र तिथे सहा रेषा ओढल्या, एकमेकींना समांतर आणि डौलदार. मी त्या ओळखल्या नाहीत.

चित्र थरांत उभे राहते. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडे अधिक. पातळावर जाड, असा नियम आहे. तो मोडला तर वरचा थर आधी आवळतो आणि पुढे भेगा पडतात. मी तेलाचे थेंब मोजून घेत असे. तिसऱ्या शनिवारी उजव्या उतारावर उन्हाचा सोनेरी हिरवा चढवला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"उतार सुबक झालाय," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच सुबक. डोंगर असा वागत नाही."

मी कॅनव्हास घरी आणला आणि पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवला. रोज सकाळी नऊ वाजता उजव्या हाताचा अंगठा हलकेच टेकवून कोणता भाग किती वाळला याची नोंद करू लागलो. आकाश सहाव्या दिवशी वाळले. दूरची शिखरे आठव्या, काळा खडक बाराव्या दिवशी. उजवा उतार वाळला नाही. सगळा नव्हे, तळहाताएवढा एक भाग.

"तेल जास्त झालं असेल," बाई म्हणाल्या.

"थेंब मोजलेले आहेत."

"मग खरवडा आणि लवकर वाळणारा रंग घाला. तपकिरी आंबर घाला. लोखंडासारखा वाळतो."

मी खरवडले. सुरीखाली रंग निघाला आणि कापड उघडे पडले. ते थंड होते. कॅनव्हास उलटा करून मागून हात लावला, मागून कोरडे. आंबर घातला, एकवीस दिवस नोंदी ठेवल्या. भोवतीचा रंग नखाने ओरखडा उमटणार नाही इतका घट्ट झाला, आणि तो तळहात तसाच ओला राहिला.

त्याच सुमारास धाकट्याला अर्धांगाचा झटका आला. मी एकदा पाहून आलो. तो डोळे मिटून होता, त्यामुळे सोपे गेले.

दहा दिवसांनी भावजय माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, "चहा नको, भाऊजी. बसायला आले नाही मी." तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर, पट्टीच्या शेजारी ठेवला. तिच्याच अक्षरातली दोन वाक्ये होती. छेद क्रमांक चौदा ते एकोणीस यांची मोजणी मी केलेली नव्हती. तशी लेखी नोंद मी फील्डबुकात करून माझ्या भावाकडे दिली होती. खाली जांभळ्या शाईत अंगठा. त्या अंगठ्यावरून तिरपी पांढरी रेघ गेलेली होती. लहानपणी मी ब्लेडने पेन्सिलीला टोक करत असताना त्याने मधे हात घातला होता, तो व्रण.

"हात चालत नाही त्यांचा," भावजय म्हणाली. "मी लिहिलं, त्यांचा अंगठा मीच धरून टेकवला. त्याखाली तुमची सही हवी."

"हे कुणाला दाखवायचं आहे?"

"कुणाला नाही. लेकीला. तेवढी एकच राहिलीय दाखवायची."

"आता या वयात उपयोग काय?"

"उपयोग विचारू नका. बेचाळीस वर्षं त्यांनी नाही विचारला."

"त्याचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे. तोंड वाकडं झालंय तेवढंच." ती उठली. "वाकड्या तोंडानं पण तुम्हाला दादाच म्हणतात. मला नाही जमत ते."

"विचार करतो."

"करा. तुम्ही विचार केल्याशिवाय काही करत नाही, हे ठाऊक आहे मला. पण जरा लवकर करा."

आता जे घडले होते ते क्रमाने लिहितो. बेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या खात्याने एका डोंगररस्त्याचा नकाशा केला. मोजणी धाकट्याची, आरेखन माझे. दर ठरावीक अंतरावर उतार आडवा मोजतात, त्याला छेद म्हणतात. एकोणीस छेद मोजायचे होते. तेरा मोजून झाल्यावर तो तापाने पडला. फील्डबुकाच्या शेवटच्या पानावर त्याने पेन्सिलीने लिहिले: चौदाच्या पुढे बारा मीटरवर घळ. पाणी आत जाते, बाहेर येताना दिसत नाही. चौदा ते एकोणीस मोजल्याशिवाय आरेखन करू नये. नकाशा सोमवारी द्यायचा होता. ते सहा छेद मी टेबलावर बसून भरले. इतके देखणे भरले की साहेबांनी तो नकाशा इतरांना नमुना म्हणून दाखवला. त्यावर 'मोजणी' या रकान्यात धाकट्याची सही होती. कोऱ्या ट्रेसिंगवर ती त्याने आधीच करून ठेवलेली होती, कारण आरेखन करणारा दादा होता.

अकरा महिन्यांनी तो उतार खाली आला. खाली मजुरांची छपरे होती. नऊ माणसे गेली.

चौकशी समितीने फील्डबुक मागवले. शेवटचे पान त्यात नव्हते; सहा छेदांचे आकडे त्यावरच असावेत असे समितीने धरले. मी समितीपुढे म्हणालो, "आलेल्या नोंदींप्रमाणे रेखाटले." घरी बसून आकडे रचल्याचा ठपका ठेवून धाकट्याला काढून टाकले. पुढची तीस वर्षे त्याने एका लाकडाच्या वखारीत फळ्या मोजल्या. त्या दिवशी समितीसमोर त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले होते. पान मी काढले असेल, असे तेव्हा त्याच्या मनात नव्हते. त्या निष्कर्षावर यायला त्याला आठ वर्षे लागली. मग त्याने माझ्याकडे येणे बंद केले. बायकोखेरीज बोलला मात्र कुणाकडे नाही.

पुतणी ती नऊ माणसे ऐकत वाढली. शाळेतल्या मुलांकडून ऐकली, पुढे खात्यातल्या जुन्या कारकुनांकडून. बापाने केली ती चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून ती या शाखेत आली, असे तिने मला एकदा सांगितले होते. आणि शिकायला ती माझ्याकडे आली.

ते पान मी फाडले, पण फेकले नाही. कागद फेकणे मला जमत नाही. माझ्या कंपासपेटीच्या निळ्या मखमली अस्तराखाली ते आहे.

भावजय येऊन गेल्यावर दोन दिवसांनी पुतणी आली. कागद मी खणात ठेवला होता. ती चित्रासमोर उभी राहिली.

"काका, हा उतार पाझरल्यासारखा दिसतो."

"तेल जास्त झालंय."

"तुमच्या हातून? काहीतरीच." ती हसली आणि मग खुर्चीत बसली. "आज बाबांनी माझा हात धरून ठेवला. काहीतरी सांगत होते, चौ चौ असं. कळलं नाही. खरं सांगू? मला कळून घ्यायचंही नव्हतं."

"आजारी माणूस आहे. वय झालंय."

"त्या नऊ जणांचंही झालं असतं."

न बोलण्याचा मला दीर्घ सराव आहे. तिने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं आहे, तुम्ही आहात." या एका वाक्यासाठी मी पुष्कळ काही केले असते. करतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अंगठा टेकवला तेव्हा त्यावर आलेला ओलावा तेलाचा नव्हता. तेल बोटांत चोळले की पसरते. हे थेंब सुटे राहिले आणि टिपकागदावर टेकवताच तो पाण्याने फुगतो तसा फुगला. सुकल्यावर कागदावर बारीक माती उरली. मी टिपकागद वहीत चिकटवला.

त्या शनिवारी वर्गात बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून उतार जवळून पाहिला. हिरव्या रंगातून एक काळपट रेघ वर आली होती, वरून खाली, किंचित वाकडी.

"खालचा थर वर येतो कधीकधी," त्या म्हणाल्या. "काही वर्षांनी तेल पारदर्शक होतं, झाकलेलं दिसायला लागतं. पण त्याला खूप वर्षं लागतात. खाली काय काढलं होतं तुम्ही?"

"काहीच नाही. खाली कापड आहे."

दंतवैद्य वाकून बघत होता. "ही कीड आहे," तो म्हणाला. "वरून कितीही भरा, आत पोकळ आहे. माझ्याकडे असे दात घेऊन यायचे लोक. दुखत नाही म्हणायचे. नस मेलेली असायची."

बाईंना हसू आले. मी रेघेवर रंग चढवला. घरी येईपर्यंत ती पुन्हा दिसू लागली होती. आता ती नुसती रेघ नव्हती. तिला दोन काठ होते आणि मधे खोली होती. मी घळ पाहिलेली नाही. मी त्या उतारावर कधी गेलोच नव्हतो. पण घळ कशी दिसते हे मला नकाशावरून कळते, आणि ही घळ होती.

मी कंपासपेटीचे अस्तर उचलले.

यथादर्शन उलटे सोडवता येते. चित्रातल्या बिंदूवरून मागे जात नकाशातली जागा काढता येते. ते सकाळभराचे काम असते. मी आलेखाच्या कागदावर ते केले. माझ्या कल्पित डोंगराच्या सहा रेषा जिथे सुरू होत होत्या, तिथून घळीचे अंतर काढले. बारा मीटर तीस सेंटिमीटर आले. पानावर बारा मीटर होते. तीस सेंटिमीटरचा फरक कुंचल्याच्या जाडीत बसतो.

त्या सहा रेषा मी तेव्हा ओळखल्या.

पुढच्या शनिवारी मी वर्गाला गेलो नाही. सकाळी दहाला खणातून भावजयीने दिलेला कागद काढला, टेबलावर पसरला, पेनाचे टोपण काढले. सही करायला तीन सेकंद लागतात. मी सही कुठे यावी यासाठी पेन्सिलीने फिकट रेघ आखली. मग वाटले, नावाखाली पदनाम लिहावे की नाही. मग वाटले, पुतणी हे वाचताना कुठे बसलेली असेल. ती कागद खाली ठेवेल आणि चपला घालेल. त्या दाराशी पुन्हा कधी जुळवून ठेवलेल्या दिसणार नाहीत.

असा एक तास गेला.

मी उठून चित्राकडे गेलो आणि सवयीने अंगठा टेकवला. उतार कोरडा होता. सत्तेचाळीस दिवसांत पहिल्यांदा. मी जोर देऊन दाबले, तरी कोरडा. मी घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली: अकरा दहा. आणि लिहिताना मला जे वाटले ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटले, झाले, आपोआप निभावले. मी टेबलाशी येऊन पेनाला टोपण लावले.

फोन अकरा पंचवीसला आला. पुतणी होती.

"काका, बाबा गेले. पंधरा मिनिटं झाली."

दिवसकार्य आटोपल्यावर मी तो कागद पुन्हा काढला. भावजयीचे अक्षर जागच्या जागी होते. अंगठा नव्हता. जांभळ्या शाईचा ठिपकाही नव्हता; कागद तेवढ्या जागी अधिक पांढरा दिसत होता. स्टॅम्पपॅडची शाई हलकी असते. आता तो कुणाचाच जबाब नव्हता, आणि मी काही नाकारले असे कुणी म्हणू शकणार नव्हते. भावजयीने कागदाबद्दल विचारले नाही. तिने मला काहीच विचारणे सोडून दिले.

चित्र वर्गात नेले तेव्हा बाईंनी ते खिडकीशी आडवे धरले. तैलरंगाचे दोष तिरप्या उजेडात दिसतात.

"वाळलं एकदाचं. पण अंगठा उमटलाय तुमचा. बरोबर घळीच्या तोंडाशी."

"तपासताना लागला असेल."

"आणि माणूस?" दंतवैद्याने विचारले. "पाठमोरा माणूस राहिला की."

बाईंनी मान तिरकी केली. "राहू द्या. अंगठ्यानंच कळतंय डोंगर केवढा आहे ते."

वर्गाचे प्रदर्शन तिथेच भरले. पुतणी आली, बराच वेळ चित्रासमोर थांबली आणि ते माझ्याकडे मागून आपल्या ऑफिसात घेऊन गेली. मला नाही म्हणता आले नाही. तिला मी कधीच नाही म्हटलेले नव्हते.

महिन्याने मी तिच्या ऑफिसात गेलो. कोटाच्या आतल्या खिशात फील्डबुकाचे पान होते. द्यायचेच, असे ठरवले नव्हते. बरोबर घेतले होते, एवढेच. चित्र तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होते आणि डावीकडच्या खिडकीतून सकाळचा उजेड त्यावर आडवा पडत होता.

"काका, आलात ते बरं झालं," ती म्हणाली. "हा ठसा बघा. हा तुमचा नाही. ही तिरपी रेघ बघा. बाबांच्या अंगठ्यावर होती. बाबा तुमच्याकडे आले होते का? आजारी पडायच्या आधी?"

खिशातले पान मला छातीशी जाणवत होते.

"आला होता एकदा," मी म्हणालो. "रंग ओला होता. हात लावून बघितला त्यानं."

"मला वाटलंच." तिचे डोळे भरून आले. "म्हणजे तुमच्यात बोलणं झालं होतं शेवटी. तुम्ही माफ केलंत त्यांना."

"हो," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. मग ती अभियंता झाली. ती ठशाजवळ वाकली, मागे सरली, पुन्हा वाकली.

"उजेड डावीकडून आहे," ती हळूच म्हणाली. "खड्डा असता तर सावली आत, डाव्या कडेला पडली असती. तुम्हीच शिकवलंत. ही उजवीकडे, बाहेर पडलीय."

मी पाहिले. ती बरोबर होती.

"ओल्या रंगावर अंगठा दाबला तर खड्डा पडतो ना, काका? हा उंच आहे."

"रंग फुगला असेल."

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, ती गेली.

मी एकटा उरलो. मी चाचणी घेतली; दुसरे काय करणार होतो? उजवा अंगठा त्या ठशावर टेकवला. रेघ रेघेवर बसली. ताणलेले कापड दाबले की परत रेटते, हे मला ठाऊक आहे. मी अंगठा स्थिर ठेवला, दाब वाढवला नाही. पलीकडचा दाब वाढला.

चित्रामागे भिंत होती.

मी हात काढून घेतला आणि पान न देता घरी आलो.

यालाही आता पाच महिने होत आले. गेल्या मंगळवारी मला हयातीचा दाखला द्यायला निवृत्तिवेतन कार्यालयात जायचे होते. वर्षातून एकदा जावे लागते: खिडकीशी उभे राहायचे, यंत्रावर अंगठा टेकवायचा, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे. पुतणी बरोबर आली होती. मी नको म्हणत होतो.

खिडकीतल्या कारकून मुलीने माझे नाव पडद्यावर काढले. मी अंगठा टेकवला. यंत्र वाजले.

"आजोबा, नीट टेका. हलवू नका."

मी नीट टेकवला. पुन्हा वाजले. त्या मुलीने फडक्याने काच पुसली, माझा अंगठा पुसला, स्वतः धरून टेकवला. मग पडदा आमच्या बाजूला वळवला.

"जुळत नाही," ती म्हणाली. "हा अंगठा यांचा नाही."

"सत्तरी उलटली की रेघा पुसट होतात," मी म्हणालो.

"पुसट नाही आलेला. स्वच्छ आलाय. दुसऱ्याचा आहे."

मी हात मागे घेऊ लागलो. पुतणीने तो मनगटाशी धरला. तिने माझा अंगठा खिडकीकडे नेला, उजेड त्यावर आडवा पडेल असा वळवला, आणि तिरप्या रेघेवरून एकदा नख फिरवले. मागच्या रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. तिने हात सोडला नाही.

"काका," तिने विचारले, "बाबा चौ चौ म्हणत होते. चौदा म्हणजे काय?"